हात कामात, कान व्याख्यानात : गृहकृत्यांसमवेत होणाऱ्या श्रवणाचा भाषिक विचार

व्याख्यान ऐकावयाचे तर श्रोत्याने वक्त्यासमोर बसावे, ही कल्पना आपल्या विद्यापीठांतून इतकी रुजलेली आहे, की तिचा वेगळा उच्चार करण्याचीही आवश्यकता कोणास भासत नाही. आंतरजालावरील शैक्षणिक व्याख्यानांनी ही कल्पना मागे टाकली आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने आपले पाठ्यसाहित्य सर्वांस विनामूल्य खुले करण्याचा संकल्प २००१ मध्ये जाहीर केला. यूट्यूब २००५ मध्ये सुरू झाले. आपल्या देशात एनपीटीईएलच्या मागोमाग २०१७ मध्ये ‘स्वयम्’ हे शासकीय व्यासपीठ उभे राहिले. ह्या साऱ्यांतून उपलब्ध झालेल्या व्याख्यानांचा श्रोता पुष्कळदा कणीक तिंबीत असतो, भांडी घाशीत असतो, भाजी निवडीत असतो किंवा वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालीत असतो. ह्या श्रवणाचे स्वरूप काय, त्यात भाषेचा कोणता अंश श्रोत्यापर्यंत पोहोचतो व कोणता वाटेत गळतो, ह्याचा भाषाशास्त्राच्या अंगाने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ह्या विषयावर सामान्यत: दोन मते ऐकू येतात. असे अर्धवट ऐकणे म्हणजे न ऐकणेच, हे एक. आणि रिकामा जाणारा वेळ ज्ञानार्जनात लागला तर त्यात वावगे काय, हे दुसरे. पहिले मत बोलून दाखविणारांपैकी बहुतेकांच्या घरी स्वयंपाक दुसरे कोणी करीत असते, एवढे येथे नमूद करणे अप्रस्तुत ठरू नये. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये केलेल्या वेळविनियोगाच्या पाहणीत असे आढळले, की घरातील बिनमोबदल्याची कामे करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे वेळ त्या कामांत जातो, तर ती करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. शिवाय सहा वर्षे व त्यांवरील वयाच्या स्त्रियांपैकी ८१.२ टक्के स्त्रिया कोणत्याही एका दिवशी ही कामे करतात, पुरुषांपैकी २६.१ टक्के. २०२४ च्या पाहणीत ह्या दोन सरासरी अनुक्रमे २८९ व ८८ मिनिटांवर आल्या; अंतर फारसे मिटले नाही. ‘आधी बसा, मग ऐका’ असा दंडक घालणे म्हणजे आमच्याच एम्.ए.च्या वर्गातील पुष्कळ विद्यार्थिनींस ‘ऐकू नका’ असे सांगण्यासारखे आहे. तथापि दुसरे मतही तसेच्या तसे स्वीकारता येत नाही. भाषा ही कानांत ओतली की आपोआप मनात साठते, अशी वस्तू नव्हे.

काम आणि श्रवण ह्यांची सांगड नवी नाही. १८६५ मध्ये हवाना येथील सिगारच्या कारखान्यांत एक विलक्षण प्रथा सुरू झाली. तंबाखूची पाने वळीत बसलेल्या कामगारांना उच्चासनावरून एक वाचक वर्तमानपत्रे व कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवीत असे, आणि त्याचे वेतन कामगार स्वत:च्या मजुरीतून देत. पुढच्याच वर्षी सरकारने तिच्यावर बंदी घातली, ह्यावरून तिचा परिणाम सत्ताधाऱ्यांना किती जाणवला असेल ते दिसते. फ्लॉरिडातील टँपा येथे गेलेल्या क्यूबन कामगारांनी ती तेथेही नेली व १९३१ पर्यंत चालविली. सिगार वळण्याचे काम हातांचे, निःशब्द आणि सवयीने अंगवळणी पडलेले होते. वाचनास त्याचा अडथळा नव्हता. ही अट पुढील विवेचनात महत्त्वाची ठरेल.

आपल्याकडील जात्यावरच्या ओव्यांची गोष्ट थोडी निराळी. गी पॉइतवाँ व हेमा राईरकर ह्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्राच्या खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्या संग्रहाकडे पाहिले असता रचनेची एक गोष्ट चटकन ध्यानात येते. ओवी स्वयंपूर्ण असते. एका ओवीचा अर्थ त्या ओवीतच पुरा होतो. मध्ये दाण्याची मूठ घालावयास दळणारी थांबली आणि सोबतिणीची एक ओवी तिच्या कानांवरून गेली, तरी पुढची ओवी समजण्यास काही बाध येत नाही. शास्त्रीय व्याख्यानाची रचना ह्याच्या नेमकी उलट, साखळीसारखी असते. तिसरे विधान दुसऱ्यावर व दुसरे पहिल्यावर उभे असते, आणि मधली एक कडी हरपली तर पुढचे सर्व शब्द कळूनही युक्तिवाद कळत नाही. दळणारीचे गाणे आणि जात्याचा फेरा ह्यांची लय एक असते, आणि गाणारी स्वत:च रचणारीही असते, हे भेद आहेतच. परंतु भाषिकदृष्ट्या सुट्या व साखळीच्या रचनेतील भेद मला अधिक मूलगामी वाटतो. ‘आमच्या आज्या दळताना गात नव्हत्या काय?’ ह्या नेहमीच्या युक्तिवादाचे उत्तर ह्या भेदात आहे.

आता अवधानाकडे वळू. १९५३ मध्ये कॉलिन चेरी ह्यांनी श्रोत्यांच्या दोन कानांत एकाच वेळी दोन वेगवेगळे संदेश ऐकविले व त्यांपैकी एक संदेश मोठ्याने उच्चारीत राहण्यास सांगितले. दुसऱ्या कानातील संदेशाविषयी मागाहून विचारले, तेव्हा आवाज पुरुषाचा बदलून स्त्रीचा झाला हे श्रोत्यांनी टिपले होते. परंतु भाषा इंग्रजीची जर्मन झाली हे त्यांच्या ध्यानातही आले नव्हते. १९५८ मध्ये डोनल्ड ब्रॉडबेंट ह्यांनी ह्या व अशा निरीक्षणांवरून अवधानाची चाळणीची उपपत्ती मांडली. पुढच्याच वर्षी नेव्हिल मोरे ह्यांनी दाखविले, की दुर्लक्षित कानात स्वत:चे नाव आले तर पुष्कळ श्रोत्यांना ते ऐकू येते. म्हणजे चाळणी पूर्ण बंद नसते. अ‍ॅन ट्रीझमन ह्यांनी १९६० च्या दशकात ह्यावरून असे प्रतिपादिले, की दुर्लक्षित संदेश तुटत नाही, क्षीण होतो. ‘माझे लक्ष नव्हते तरी कानांवर पडत होते’ ह्या म्हणण्यात काही तथ्य आहे ते इतपतच.

ह्या प्रयोगांत मात्र दोन्ही संदेश भाषेचे होते. हात व कान ह्यांच्या वाटणीचा प्रश्न त्यांनी सुटत नाही. १९७२ मध्ये ऑलपोर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी पियानोवादनात निष्णात असलेल्या विद्यार्थ्यांना अपरिचित स्वरलिपी पाहून वाजविण्यास सांगितले आणि त्याच वेळी कानांवर येणारे गद्य मोठ्याने उच्चारावयास लावले. थोड्याच सरावाने त्यांना दोन्ही कामे फारशी न बिघडता करता आली. दोन कामांची साधने वेगवेगळी असतील तर ती एकत्र नांदू शकतात, हा त्यातून निघणारा निष्कर्ष. पोळी लाटणे, भांडे घासणे, मटार सोलणे ही कामे अंगवळणी पडलेल्या हातांची आहेत व व्याख्यान भाषेचे आहे. तेव्हा त्यांचा सहवास सिद्धान्तत: अशक्य नाही. इतकेच नव्हे, तर हलके हातकाम कंटाळवाण्या श्रवणास साहाय्यकही होऊ शकते. जॅकी अँड्रेड ह्यांनी ४० जणांवर केलेल्या प्रयोगात, नीरस ध्वनिमुद्रित संभाषण ऐकताना कागदावरील आकृत्या छायांकित करीत बसलेल्यांना, नुसते ऐकणाऱ्यांपेक्षा २९ टक्के अधिक तपशील आठवले. प्रयोग लहान आहे व ऐकविलेला मजकूर नावांच्या यादीपलीकडे फारसा नव्हता, हे विसरता कामा नये. परंतु रिकामे हात मनास भटकावयास लावतात, हा अनुभव ज्यांनी दुपारच्या तासाला व्याख्याने ऐकली आहेत त्यांस सांगावयास नको.

मग अडचण कोठे येते? स्वयंपाकघरात अशी काही कामे आहेत, की ती दिसावयास हातांची परंतु वस्तुत: भाषेची असतात. कुकरच्या शिट्ट्या मोजणे हे त्यांतील सर्वांत ठळक उदाहरण. मोजणे म्हणजे मनातल्या मनात संख्यावाचक शब्द उच्चारणे व शेवटचा शब्द पुढच्या शिट्टीपर्यंत जपून ठेवणे होय. बॅडली व हिच ह्यांनी १९७४ मध्ये कार्यकारी स्मृतीची जी कल्पना मांडली, तीत ऐकलेले शब्द थोडा वेळ घोळवून ठेवणाऱ्या एका अल्पक्षम यंत्रणेस स्थान आहे. व्याख्यात्याच्या लांब वाक्याचा पूर्वार्ध उत्तरार्ध येईपर्यंत जेथे धरून ठेवावयाचा, तीच ही जागा, आणि ‘दोन झाल्या, तिसरी व्हावयाची आहे’ हेही तेथेच घोळत असते. मीठ घातले की नाही हे आठवणे, दुधाचा हिशेब, दुसऱ्या दिवशीच्या डब्याचा बेत, ही सर्व ह्याच जातीची कामे. म्हणून ‘स्वयंपाक करताना व्याख्यान ऐकावे की नाही’ हा प्रश्नच सदोष आहे. पोळ्या लाटताना ऐकावे; फोडणी करताना व शिट्ट्या मोजताना ऐकू नये, असे त्याचे तुकडे पाडूनच उत्तर द्यावे लागते.

येथवर झालेला विचार कोणत्याही भाषेस लागू आहे. मराठीपुरता जो विशेष प्रश्न उद्भवतो, तो वाक्यरचनेचा. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि नकारही बहुधा क्रियापदाबरोबर किंवा त्याच्याही नंतर येतो. उदाहरणार्थ, एखादा व्याख्याता म्हणतो : “मराठीच्या घडणीत द्राविड भाषांचा वाटा निर्णायक होता आणि तो केवळ शब्दसंग्रहापुरता मर्यादित नव्हता, हे मत आज सर्वमान्य आहे असे म्हणता येणार नाही.” ह्या वाक्यातील ‘सर्वमान्य आहे’ येथपर्यंतचा भाग व्याकरणदृष्ट्या पूर्ण आहे. पुढील चार शब्द त्याचा अर्थ उलटा करतात. त्या चार शब्दांवर कुकरची शिट्टी पडली, तर श्रोत्याच्या हाती एक निर्दोष, सुबोध आणि व्याख्यात्याच्या मताविरुद्ध असलेले वाक्य राहते. आपले काही हुकले आहे अशी शंकाही त्यास येत नाही.

शंका का येत नाही, ह्याचे एक स्पष्टीकरण रिचर्ड वॉरन ह्यांच्या १९७० मधील प्रसिद्ध प्रयोगात सापडते. ध्वनिमुद्रित वाक्यातील एका शब्दामधला एक ध्वनी काढून त्या जागी खोकल्याचा आवाज बसविला होता. जवळजवळ सर्वच श्रोत्यांना तो शब्द अखंड ऐकू आला. खोकला नेमका कोठे झाला हेही त्यांस सांगता येईना. कान जे गाळतो ते मन भरून काढते. ध्वनीच्या बाबतीत हे भरून काढणे सहसा बरोबर असते, कारण शब्दाचा उरलेला भाग हरपलेल्या ध्वनीची साक्ष देतो. वाक्याच्या शेवटच्या नकाराची साक्ष देणारे मात्र वाक्यात दुसरे काहीच नसते. त्यात भर अशी, की विधानवाक्याच्या अखेरीस स्वर उतरतो व आवाजाचा जोरही ओसरतो. ‘नाही’ हा शब्द बोलण्यात झिजून ‘नै’ किंवा ‘नाय’ असा होतो. अर्थाच्या दृष्टीने सर्वांत भारी शब्द ध्वनीच्या दृष्टीने सर्वांत हलका, अशी ही स्थिती आहे. ‘-ने’, ‘-ला’, ‘-शी’, ‘-त’ हे विभक्तिप्रत्ययही असेच एकाक्षरी व आघातहीन आहेत. मिक्सर किंवा नळ चालू असता धातू व नामे पोहोचतात, पण कोणी कोणावर काय केले हे सांगणारे प्रत्यय बुडतात.

ह्याहून गंभीर गोष्ट स्वीकाराची आहे. डॅनिएल गिल्बर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात अपरिचित शब्दांच्या अर्थाविषयीची विधाने दाखवून प्रत्येक विधानानंतर ते खरे की खोटे हे सांगण्यात आले; काही वेळा त्याच क्षणी एक ध्वनी ऐकवून, तो ऐकताच कळ दाबावयास लावली. अशा व्यत्ययानंतर, खोटी म्हणून सांगितलेली विधाने पुष्कळांस मागाहून खरी म्हणून आठवली. खरी विधाने खोटी म्हणून आठवण्याचे प्रमाण मात्र तसे वाढले नाही. ह्या निष्कर्षाच्या व्याप्तीविषयी पुढे वाद झाले आहेत. तथापि ध्वनी होताच कळ दाबणे आणि शिट्टी होताच गॅस मंद करणे ह्यांतील साम्य इतके जवळचे आहे, की आपल्या विषयापुरती तरी त्याची उपेक्षा करणे योग्य होणार नाही. उत्तरपत्रिकांतून खंडित झालेली मते ‘अमुक विद्वानांनी सिद्ध केले आहे’ अशा थाटात मांडलेली जेव्हा दिसतात, तेव्हा त्यामागे आळसच असेल असे आम्हांस वाटत नाही. खंडनार्थ मांडलेले मत ऐकले गेले व खंडन ऐकले गेले नाही, हाही संभव असतो.

आपल्या शास्त्रपरंपरेस ही अडचण परिचित होती असे दिसते. भाष्यग्रंथांत पूर्वपक्षाचा आरंभ ‘ननु’ ह्या निपाताने होतो व त्याची समाप्ती ‘इति चेत्, न’ अशी केली जाते. समाप्तीचा ‘न’ एकाक्षरी व सहज हरपण्याजोगा आहे. परंतु आरंभीचा ‘ननु’ आधीच बजावून ठेवतो, की आता येणारे मत सिद्धान्त नव्हे. हे ग्रंथ पाठशाळांतून कानांनीच ग्रहण केले जात, हे ध्यानात घेता ह्या द्विविध खुणेची उपयुक्तता पटते. मराठीतही अशी सोय आहे. परवाक्य जोडण्याच्या आपल्याकडे दोन रीती आहेत. एकीत परवाक्य आधी येऊन ‘असे’ किंवा ‘म्हणून’ ह्या शब्दाने मिटते. संस्कृतातील ‘इति’ची ही रीत. दुसरीत मुख्य वाक्य आधी येते व ‘की’ने परवाक्य उघडते, ही रीत फारसीच्या संपर्काने रूढ झाली असे सामान्यत: मानले जाते. लिखित मराठीत पहिली रीत घरंदाज व दुसरी काहीशी उपरी समजण्याची एक प्रवृत्ती आहे. ज्याचे व्याख्यान चुलीपाशी ऐकले जाणार आहे त्याने ही प्रवृत्ती सोडावी, असे आमचे मत आहे. “असे म्हणता येणार नाही, की हे मत आज सर्वमान्य आहे” ह्या रचनेत नकार आधी कानी पडतो, आणि पुढचे काही हुकलेच तरी जे उरते ते विपरीत नसते.

ह्याखेरीज दर्शक शब्दांचा प्रश्न आहे. आंतरजालावरील बहुतेक व्याख्याने चलच्चित्राच्या रूपाने असतात. फळ्याकडे हात करून व्याख्याता ‘हे येथे पाहा’, ‘ही जी फांदी खाली उतरते’, ‘ह्याचा त्याच्याशी संबंध’ असे बोलतो. ऐकणारीची दृष्टी परातीत असते. ‘हे’, ‘येथे’, ‘ती’ ह्या शब्दांना तिच्यापुरता काही निर्देश्य उरत नाही. वाक्यवृक्षाच्या आकृतीवर चालणारे रचनाशास्त्राचे व्याख्यान किंवा वर्णलिपीच्या कोष्टकावरील ध्वनिशास्त्राचे व्याख्यान ह्या कारणास्तव कामासमवेत ऐकण्यायोग्य नाही. आकाशवाणीसाठी भाषणे लिहिणाऱ्यांना ही मर्यादा ठाऊक असे व ते दर्शक शब्दाऐवजी नाम योजीत. चलच्चित्राच्या सोयीने ती शिस्त सुटली.

गतीविषयी थोडे. दीडपट किंवा दुप्पट वेगाने व्याख्यान लावण्याची सवय तरुण वर्गात पसरली आहे. फूल्के व स्टिश्ट ह्यांनी १९६९ मध्ये तोवरच्या संशोधनाचा आढावा घेऊन असे नोंदविले, की मिनिटास सुमारे २७५ शब्दांच्या पुढे आकलन झपाट्याने घसरते. हा आकडा इंग्रजीचा आहे. प्रत्यय शब्दास जोडून घेणाऱ्या मराठीचे शब्द इंग्रजीपेक्षा लांब असल्यामुळे तो जसाच्या तसा येथे लावता येत नाही. शिवाय ते प्रयोग बसून ऐकणाऱ्यांवर झालेले आहेत.

वाचणाऱ्यास मागील ओळीवर परतता येते. ऐकणाऱ्यासही यंत्रातील कळ दाबून पंधरा सेकंद मागे जाता येते, असे म्हटले जाते. परंतु कणकेने माखलेल्या हातांनी ती कळ दाबावयाची कोणी? व्यवहारात हुकलेले वाक्य हुकलेलेच राहते. ह्यास्तव कामासमवेत ऐकण्यास सर्वांत योग्य व्याख्यान म्हणजे आधी एकदा बसून ऐकलेले किंवा ज्याचा विषय वाचून झालेला आहे ते, असे सुचवावेसे वाटते. जॅकलिन सॅक्स ह्यांनी १९६७ मध्ये दाखविल्याप्रमाणे, ऐकलेल्या वाक्याची शब्दरचना ऐंशी अक्षरे पुढे सरकताच स्मृतीतून बहुतांशी पुसली जाते, आशय तेवढा टिकतो. दुसऱ्या श्रवणात आशय आधीच हाती असतो. म्हणून लक्ष परिभाषेकडे, उदाहरणांच्या तपशिलाकडे आणि पहिल्या वेळी निसटलेल्या नकारांकडे जाऊ शकते. चरित्रपर व इतिहासकथनपर व्याख्याने मात्र प्रथम श्रवणासही चालतील, कारण त्यांची रचना ओवीच्या अधिक जवळची असते.

व्याख्यात्यांकडून तीन गोष्टींची अपेक्षा करता येईल. खंडनार्थ घेतलेल्या मताचा दर्जा त्या मताच्या आधी सांगावा. फळ्याकडे बोट दाखविताना बोटाखालील वस्तूचे नाव उच्चारावे. आणि महत्त्वाचे विधान एकदा नकाराने, एकदा होकाराने, असे दोन अंगांनी सांगावे. कीर्तनकार पालुपदाकडे फिरून फिरून येतो, त्यात उशिरा आलेल्या व मूल कडेवर घेऊन उभ्या असलेल्या श्रोत्यांची सोय असतेच. विभागातर्फे ध्वनिमुद्रित होणाऱ्या व्याख्यानांबरोबर त्यांचे लिखित रूपही ठेवले, तर हात पुसून झाल्यावर एखादे शंकास्पद वाक्य त्यात पाहता येईल. ‘स्वयम्’च्या मांडणीत चलच्चित्रासमवेत लिखित सामग्रीची तरतूद आहेच.